गोव्याहून जर्मनीला: शिक्षणाच्या काळातील राहणे आणि फिरणे कसे आखावे

जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणारे गोमंतकीय विद्यार्थी प्रवेशपत्र हाती येईपर्यंत अतिशय दक्ष असतात आणि त्यानंतर काहीसे सैल पडतात, असे मला फोंडा व डिचोली परिसरातील मुलामुलींची कागदपत्रे तपासून देताना वारंवार जाणवले आहे. तिथे शिकत असताना युरोपही पाहून घ्यावा, ही इच्छा पूर्णपणे रास्त आहे आणि पालकांनी तिला उधळपट्टी समजू नये. परंतु विद्यार्थ्यांचे फिरणे केवळ पैशांअभावी क्वचितच अडते. बहुतेक वेळा निवास परवाना, आरोग्य विमा किंवा परीक्षेचे वेळापत्रक यांपैकी एखाद्या गोष्टीकडे दुर्लक्ष झालेले असते. म्हणूनच हा लेख प्रवासाच्या तिकिटांपासून नव्हे, तर गोव्यातील तयारीपासून सुरू होतो.

निघण्यापूर्वी गोव्यात पुरी करायची कामे

सर्वांत आधी नाव तपासावे. आपल्याकडे एकाच घरात शाळेच्या दाखल्यावर ‘गावकर’, जन्मनोंदीवर ‘गांवकर’ आणि पासपोर्टवर इंग्रजीत तिसरेच स्पेलिंग असा प्रकार सर्रास आढळतो. कुणाच्या पदवीपत्रावर वडिलांचे नाव मधे असते, तर पासपोर्टवर ते नसते. भारतात अशा फरकाकडे काणाडोळा होतो. जर्मन कार्यालयात मात्र दोन वेगळी नावे म्हणजे दोन वेगळ्या व्यक्ती, असे मानले जाण्याची शक्यता असते. बारावीची गुणपत्रिका, गोवा विद्यापीठाचे पदवीपत्र व सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पासपोर्ट हे सारे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवावे. जिथे फरक असेल तिथे दुरुस्ती आधी करून घ्यावी, कारण पुढील प्रत्येक टप्प्यावर याच कागदांच्या प्रती लागतात.

त्यानंतरचा टप्पा एपीएस प्रमाणपत्राचा आहे. भारतीय शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी करणारे हे प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी आवश्यक झाले असून त्यासाठी १८,००० रुपये शुल्क आकारले जाते. अनेक विद्यापीठे प्रवेश अर्जाबरोबरच ते मागतात, त्यामुळे शेवटच्या सत्राचा निकाल लागण्याची वाट न पाहता त्याची तयारी सुरू करणे शहाणपणाचे ठरते. हिवाळी सत्राच्या अर्जांची मुदत सर्वसाधारणपणे १५ जुलै आणि उन्हाळी सत्राची १५ जानेवारी असते, मात्र परदेशी विद्यार्थ्यांसाठी कित्येक विभाग ती बरीच आधी ठेवतात.

पैशांच्या बाबतीत ‘ब्लॉक्ड अकाउंट’ हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी असतो. वर्षभराच्या खर्चासाठी ११,९०४ युरो या खात्यात आधीच भरावे लागतात आणि जर्मनीत पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो आपल्याला मिळतात. ही रक्कम शुल्क नसून स्वतःच्याच उदरनिर्वाहाचे पैसे आहेत, हे पालकांना नीट समजावून सांगावे. बहुतांश सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, फक्त सत्रशुल्क असते. परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले आहे. निधीसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आधी पाहावी. तिथे वास्तव्याचा दाखला लागतो आणि मामलेदार कार्यालयातून तो मिळण्यास वेळ जातो, म्हणून तो अर्ज इतर सगळ्या कामांच्या आधी टाकावा.

व्हिसासाठी गोवा हा मुंबईतील जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसाचे शुल्क ७५ युरोंइतके आहे. जर्मन भाषेचा पाया निघण्यापूर्वीच घालावा, अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरीसुद्धा. पुण्याच्या व मुंबईच्या मॅक्समुल्लर भवनाचे ऑनलाइन वर्ग गोव्यात बसून करता येतात. वर्गात इंग्रजी चालते, परंतु घरमालक, नगरपालिका आणि दवाखान्याचा स्वागतकक्ष यांच्याशी व्यवहार जर्मनमध्येच होतो.

सामान

घरची माणसे प्रेमाने जे भरून देतात, त्यातले बरेच युरोपच्या सीमाशुल्क तपासणीत काढून टाकावे लागते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे चोरिस नको, तूप नको, पेढे आणि खवा नको. ताजी फळे व भाज्या यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मानकुराद आंबा कितीही जपून बांधला तरी तो नियमात बसत नाही. ताजा कढीपत्ताही नाही. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन या फळांना मात्र त्या अटीतून सूट आहे. नारळाला युरोपची हरकत नसली तरी सुके खोबरे ज्वलनशील म्हणून भारतातील विमानतळावरच अडवले जाते, हे लक्षात ठेवावे.

आता आपल्या माणसांना आनंद देणारी गोष्ट. स्वतःच्या खाण्यापुरती मासळी नेण्यास परवानगी आहे आणि तिची मर्यादा २० किलो इतकी उदार आहे. सुकी सुंगटे, सुके बांगडे, गालमो हे सारे तिच्यात बसते. भिंडाची सोलां (कोकम) आणि तिरफळे वाळवलेली असल्याने अडचण येत नाही. सुकी मासळी दोन जाड पिशव्यांत हवाबंद करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. तिथे गेल्यावर वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात ती भाजण्यापूर्वी खिडकी उघडावी, दार लावून घ्यावे आणि सोबत राहणाऱ्यांना आधी सांगावे. आपल्याला तो वास घराचा वाटतो, इतरांना तो बिघडलेल्या अन्नाचा वाटतो. एकदा सांगितले की बहुतेक जण समजून घेतात आणि काही जण हुमणाची चवही घेतात.

थंडीचा जाड कोट गोव्यात विकत घेऊ नये. इथे मिळतो तो तिथल्या जानेवारीला पुरत नाही आणि सामानाचे वजन वाढवतो. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे ते अरुंद तोंडाच्या बाटलीत न नेता रुंद तोंडाच्या बरणीत न्यावे.

मुंबईपर्यंतचा प्रवास

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून किंवा दाबोळीहून निघणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा मुंबई, दिल्ली किंवा आखाती शहरात विमान बदलावे लागते. हिवाळी सत्रासाठी निघण्याचा काळ सप्टेंबरचा असतो आणि तेव्हा पाऊस पुरता सरलेला नसतो. गोवा ते मुंबई हे स्वस्त तिकीट वेगळे आणि मुंबई ते फ्रँकफर्ट हे वेगळे, अशी जोडणी अनेक जण करतात. पहिले विमान पावसामुळे लांबले तर दुसऱ्या कंपनीवर कोणतेही बंधन राहत नाही आणि तिकीट बुडते. सांखळीच्या एका मुलाला हा अनुभव आला तेव्हा नव्या तिकिटासाठी मोजलेली रक्कम त्याच्या दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक होती. संपूर्ण प्रवास एकाच आरक्षणात घ्यावा. ते शक्यच नसेल, तर कोकण रेल्वेने आदल्या दिवशी मुंबई गाठून तिथे मुक्काम करावा.

पोहोचल्यावरचे पहिले तीन आठवडे

या आठवड्यांत फिरण्याचा मोह आवरावा. याच काळात होणाऱ्या किंवा न होणाऱ्या कामांवर पुढील वर्षभराचे स्वातंत्र्य ठरते.

घर हा सर्वांत कठीण भाग आहे. विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहासाठी प्रवेशपत्र मिळाल्याच्या दिवशीच अर्ज करावा, कारण मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी लांबलचक असते. खासगी खोली शोधताना, ‘मी सध्या परदेशात आहे, आधी अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल’ असे सांगणारा घरमालक हमखास फसवा समजावा. खोली प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओ कॉलवर पाहिल्याशिवाय आणि करार हाती आल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. कायद्याने अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा अधिक घेता येत नाही.

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिका कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची असते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचे राहत असल्याचे पत्र लागते. या नोंदणीवर बँक खाते, कर क्रमांक आणि निवास परवाना असे पुढचे सारे अवलंबून आहे. म्हणून जो घरमालक ‘नोंदणी करता येणार नाही’ असे सांगतो, त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

निवास परवान्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ नोंदणीच्याच दिवशी मागावी. व्हिसाची मुदत काही महिन्यांचीच असते आणि गर्दीच्या शहरांत ही वेळ मिळण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात. अर्ज मुदतीच्या आत गेला पाहिजे आणि अर्ज केल्याचा पुरावा जपून ठेवला पाहिजे.

महिन्याचा हिशेब

९९२ युरोंत महिना भागतो का, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. मध्यम आकाराच्या शहरात वसतिगृहाची खोली ३५० ते ४०० युरोंत मिळू शकते. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्य विमा १५० युरोंच्या आसपास पडतो. घरी रांधून आणि दुपारी विद्यापीठाच्या ‘मेन्सा’ या भोजनालयात जेवून २०० ते २३० युरोंत खाणे होते. प्रवासाचा पास, फोन आणि रेडिओ-दूरदर्शन शुल्क यांचे मिळून साठ-सत्तर युरो धरावेत. रेडिओ-दूरदर्शन शुल्क एका घरामागे दरमहा १८.३६ युरो असते, म्हणून चौघे मिळून राहत असतील तर ते एकाच्याच नावावर नोंदवून वाटून घ्यावे. म्युनिकमध्ये मात्र हा हिशेब कोलमडतो, कारण तिथे भाडेच फार आहे. इतरत्र किरकोळ खर्च वजा जाता शंभर युरोंच्या आसपास शिल्लक राहते आणि फिरण्याची तरतूद म्हणून मी हीच रक्कम धरायला सांगतो.

कामाची परवानगी वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस आहे. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून ताशी १३.९० युरो झाले आहे. विद्यापीठातच सहायकाचे काम मिळाले तर ते सर्वोत्तम, कारण प्राध्यापक परीक्षेच्या दिवसांत समजून घेतात. गोव्यातील एखाद्या कंपनीचे काम ऑनलाइन सुरू ठेवण्याचा विचार अनेकांच्या मनात असतो. स्वतंत्र व्यवसाय म्हणून केलेल्या कामाला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते, ती घेतल्याशिवाय ते करू नये.

जर्मनीच्या आत फिरणे

हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आणि उन्हाळी सत्राची एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत चालतात. शनिवार-रविवारचे छोटे प्रवास सत्र सुरू असतानाही करता येतात, परंतु अंतिम परीक्षेच्या आधीचे सहा आठवडे मोकळे ठेवावेत. अनेक विषयांत संपूर्ण गुण एकाच परीक्षेवर ठरतात आणि ती देण्याच्या संधी मर्यादित असतात, ही गोष्ट आपल्या मुलांच्या लक्षात उशिरा येते.

देशांतर्गत प्रवासाचा कणा म्हणजे ‘डॉइचलांडटिकेट’. जानेवारी २०२६ पासून त्याचा मासिक दर ६३ युरो आहे आणि ज्या विद्यापीठांनी त्याचे विद्यार्थी रूप स्वीकारले आहे, तिथे ते ६० टक्के दरात सत्रशुल्काबरोबर मिळते. त्यावर देशभरातील बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक रेल्वेगाड्या चालतात. आयसीई, आयसी व ईसी या वेगवान गाड्यांत ते चालत नाही, त्यामुळे चढण्यापूर्वी गाडीचा प्रकार पाहण्याची सवय लावून घ्यावी.

एका दिवसाच्या प्रवासाचा नमुना पाहू. म्युनिकहून सकाळच्या प्रादेशिक गाडीने निघाल्यास याच पासवर साधारण दोन तासांत ऑस्ट्रियातील झाल्झबुर्ग गाठता येते. तिकिटाचा वेगळा खर्च शून्य. डब्यात भाकरी-भाजी आणि पाण्याची बाटली असली की जेवणाचा खर्चही राहत नाही. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून खरेदी शनिवारीच उरकावी. रिकाम्या बाटल्या फेकू नयेत, कारण एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. झाल्झबुर्गहून परतताना फ्राइलासिंग स्थानकाजवळ जर्मन पोलीस गाडीत चढून कागदपत्रे पाहतात. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्वच भूसीमांवर अशी तपासणी सुरू केली. त्या वेळी मूळ पासपोर्ट आणि निवास परवान्याचे कार्ड जवळ असले पाहिजे. मोबाइलमधील छायाचित्र चालत नाही.

वेगवान गाडीचे तिकीट आधी काढल्यास बरेच स्वस्त मिळते, परंतु ते त्याच गाडीपुरते बांधलेले असते. उतरण्याच्या स्थानकावर २० मिनिटांहून अधिक उशीर अपेक्षित असेल तर ते बंधन सुटते आणि दुसरी गाडी पकडता येते. उशीर ६० मिनिटांचा झाल्यास भाड्याचा चौथा हिस्सा आणि १२० मिनिटांचा झाल्यास निम्मा परत मागता येतो. संकोच न करता मागावा, तो आपला हक्क आहे.

सीमा ओलांडण्यापूर्वी

जर्मनीचा वैध निवास परवाना किंवा राष्ट्रीय व्हिसा असलेल्याला शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे सामाईक प्रवेश नियम असलेल्या युरोपीय देशांच्या गटातील, इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड आणि सायप्रस संघात असूनही शेंगेनमध्ये नाहीत आणि ब्रिटन दोहोंतही नाही. तिथल्या प्रवेशाचे नियम वेगळे तपासावे लागतात. लंडनला मावशी राहते म्हणून जर्मन परवान्यावर जाता येईल, असा समज मी अनेक घरांत ऐकला आहे, आणि तो चुकीचा आहे.

सर्वाधिक घोटाळा व्हिसा संपून परवाना यायचा असतो त्या मधल्या काळात होतो. या काळासाठी परदेशी नागरिक कार्यालय ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचा तात्पुरता दाखला देते. निवास कायद्याच्या कलम ८१ मधील कोणत्या परिच्छेदाखाली तो दिला आहे, हे त्यावर खूण करून दाखवलेले असते. परिच्छेद ४ खालील दाखल्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येते. परिच्छेद ३ खालील दाखल्यावर परतीचा प्रवेश मिळत नाही. दाखला हाती पडताच ती खूण पाहावी आणि शेजारच्या देशात जाण्यापूर्वी कार्यालयाला लेखी विचारून घ्यावे. एका मुलीने केवळ ही खूण आधी पाहिल्यामुळे मित्रमंडळींबरोबरची प्रागची सहल सोडली; पुढच्या वसंतात कार्ड आल्यावर ती निर्धास्तपणे जाऊन आली.

विमा कार्डाच्या मागील बाजूस युरोपीय आरोग्य विमा कार्ड असते आणि युरोपीय संघातील बहुतेक देशांत तातडीच्या उपचारांना ते उपयोगी पडते. परंतु आपल्यासारख्या संघाबाहेरील नागरिकांना डेन्मार्क, आइसलँड, लिख्टेनश्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड येथे त्याचा लाभ मिळत नाही. आल्प्समध्ये बर्फात पाय मोडला तर खर्च मोठा येतो, म्हणून या पाच देशांसाठी प्रवासी विमा वेगळा काढावा. तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात चालतो. जर्मनीत दवाखाने बंद असताना कमी गंभीर आजारासाठी ११६११७ वर विचारावे.

लांबच्या सुट्टीत अनेक देश पाहायचे असतील तर अनेक देशांच्या रेल्वेत चालणाऱ्या इंटररेल पासचा विचार करावा. तो युरोपात राहणाऱ्यांसाठी असतो आणि त्यात नागरिकत्वाऐवजी वास्तव्य पाहिले जाते, त्यामुळे भारतीय विद्यार्थीही पात्र ठरतो; २७ वर्षांपर्यंत सवलतही आहे. आपण राहतो त्या देशात मात्र या पासवर एक जाण्याचा आणि एक परतीचा प्रवास एवढीच मुभा असते, आणि फ्रान्स, इटली, स्पेन येथील वेगवान गाड्यांत जागेच्या आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. तीन-चार शहरांपुरत्या सहलीला आधी काढलेली सुटी तिकिटेच स्वस्त पडतात.

चवथीला घरी येणे

जर्मन विद्यापीठांचे वेळापत्रक गोमंतकीयांना एका बाबतीत फार सोयीचे आहे. दिवाळीला व्याख्याने जोरात सुरू असतात आणि नाताळची सुट्टी लहान, शिवाय तेव्हाचे विमानभाडे गगनाला भिडलेले असते. मात्र चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे उन्हाळी आणि हिवाळी सत्रांमधल्या दीर्घ सुट्टीत येते. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधायला घरी हजर राहायचे असेल तर त्यासाठी अभ्यास बुडवण्याची गरज पडत नाही. शिगम्यालाही फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुट्टीमुळे अनेकदा हीच संधी मिळते. वर्षातून एकदाच येणे परवडणार असेल, तर डिसेंबरऐवजी चवथच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिकीट एप्रिल-मे महिन्यांतच पाहू लागावे आणि परतीचा दिवस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापूर्वीचा ठेवावा. युरोपातून निघणारे विमान कोणत्याही कंपनीचे असो, कंपनीच्या दोषाने ते मोठ्या प्रमाणात लांबल्यास युरोपीय नियमांनुसार भरपाई मागता येते, आणि ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला ती ६०० युरोंपर्यंत जाते. परवान्याची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे आहे ना, हे कार्डावर पाहावे आणि ते कार्ड मोठ्या बॅगेत न टाकता अंगावर ठेवावे. काही विभाग राहिलेल्या विषयांची पुनर्परीक्षा सप्टेंबरमध्ये घेतात. ज्याचा एखादा विषय राहिला असेल, त्याने विभागाने जाहीर केलेली तारीख पाहूनच तिकिटाचे पैसे भरावेत.